मशीनगन, मोर्स आणि आपले विद्यार्थी : इंग्रजी उच्चारलयीच्या एका सिद्धान्ताचा इतिहास

इंग्रजी भाषा आघाताच्या तालावर चालते, भारतीय भाषा अक्षरांच्या तालावर चालतात आणि म्हणून भारतीय विद्यार्थ्याचे इंग्रजी परक्या कानाला खटकते, अशा आशयाचे विधान उच्चारशास्त्राच्या आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षक त्याचाच आधार घेतात. २००० सालानंतर कॉल सेंटरच्या भरतीत 'एम.टी.आय.', म्हणजे 'मदर टंग इन्फ्लुअन्स', ही अक्षरे रूढ झाली आणि हे विधान वर्गाबाहेर पडून नोकरीच्या दारात जाऊन उभे राहिले. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तेथे सांगितले जाते की, दोष तुझ्या व्याकरणात नाही, शब्दसंग्रहातही नाही, तुझ्या मातृभाषेच्या लयीत आहे. व्याकरणाची चूक सुधारता येते. मातृभाषेचे काय करायचे?

हे विधान प्रथम कोणी केले, कोणासाठी केले आणि कोणत्या पुराव्यावर केले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करून घेऊ. एका स्वराभोवती जुळणारा उच्चाराचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे येथे 'अक्षर' समजावे. लिपीतील वर्णाशी त्याचा संबंध नाही. 'बॉइज वॉन्ट बुक्स' या इंग्रजी वाक्यात तीन अक्षरे आहेत आणि तिन्हींवर आघात आहे. 'द बॉइज हॅव वॉन्टेड द बुक्स' यात अक्षरे सात, पण आघात तीनच. आघातनिष्ठ लयीचा सिद्धान्त असे सांगतो की, इंग्रज माणूस ही दोन्ही वाक्ये जवळजवळ सारख्याच वेळात म्हणतो. मधली 'द', 'हॅव' ही अक्षरे तो दाबून, चेपून त्या वेळात बसवतो. उलट अक्षरनिष्ठ लयीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो. तेव्हा सात अक्षरांच्या वाक्याला तीन अक्षरांच्या वाक्यापेक्षा दुपटीहून अधिक वेळ लागला पाहिजे.

या विचाराचे मूळ भाषाविज्ञानात नसून छंदशास्त्रात आणि संगीतात आहे. अठराव्या शतकात लॉर्ड मॉनबोडो या स्कॉटिश विद्वानाने भाषेच्या उत्पत्तीवर लिहिताना इंग्रजी बोलण्यात सुरावट अशी काही नाहीच, असे मत मांडले. त्याला उत्तर म्हणून जोशुआ स्टील या मूळच्या आयरिश गृहस्थाने १७७५ साली बोलण्याची सुरावट आणि मोजमाप या विषयावर एक ग्रंथ लिहिला. १७७९ मध्ये 'प्रोसोडिया रॅशनॅलिस' या नावाने तो पुन्हा निघाला. स्टीलने बोलण्याला थेट स्वरलिपी लावली. डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा गाजलेला नट हॅम्लेटचे प्रसिद्ध स्वगत कसे म्हणतो, तेही त्याने अशा चिन्हांत नोंदवून ठेवले. जड आणि हलके यांचा ठेका बोलण्यात सतत चालू असतो, मधल्या विरामातही तो थांबत नाही, हे स्टीलचे मुख्य म्हणणे. तबल्याच्या साथीत खाली मात्रेवर थाप नसली तरी ती मोजली जाते, तसे हे. कल्पना सुंदर आहे. परंतु ती रंगभूमीवरच्या पठणातून आणि पद्यातून उचललेली आहे, बाजारातल्या बोलण्यातून नव्हे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढचा टप्पा थेट १९४० सालचा. आर्थर लॉइड जेम्स हे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि बीबीसीच्या उच्चारविषयक सल्लागार समितीचे चिटणीस होते. टेलिफोनवरील संभाषणासंबंधीच्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी दोन उपमा वापरल्या. काही भाषांची लय मशीनगनच्या फैरीसारखी, सारख्या अंतराने येणारी. काहींची मोर्सच्या तारेसारखी, लांब-आखूड ठोक्यांची. इंग्रजी दुसऱ्या प्रकारात. युद्ध सुरू झालेले, विषय तारायंत्राच्या शेजारचा. त्यामुळे दोन्ही उपमा त्या वर्षी कोणालाही सहज सुचाव्यात अशाच होत्या. मोजमाप मात्र यामागे काही नव्हते. तरीही मशीनगनची उपमा आजवर टिकून आहे. आमच्या मुलांच्या इंग्रजीला ती लावली जाते, तेव्हा ती युद्धकाळातल्या टेलिफोनच्या पुस्तकातून आलेली आहे, याची आठवण क्वचितच कोणाला असते.

आज वापरल्या जाणाऱ्या दोन संज्ञा, 'स्ट्रेस-टाइम्ड' आणि 'सिलॅबल-टाइम्ड', १९४५ साली केनेथ पाइक यांनी घडवल्या. पाइक हे मेक्सिकोतील आदिवासी भाषांचे मोठे अभ्यासक. अमेरिकन इंग्रजीच्या सुरावटीवरील त्यांचे हे पुस्तक मिशिगन विद्यापीठातील इंग्रजी अध्यापनाच्या कामातून निघाले. तेथे लॅटिन अमेरिकेतून आलेले स्पॅनिशभाषक विद्यार्थी इंग्रजी शिकत असत. ते विद्यार्थी प्रत्येक अक्षर ठळक म्हणत. त्यांना अक्षरे चेपायला शिकवायचे होते. पाइक यांची विभागणी ही मुळात या वर्गातल्या अडचणीवरचा उपाय होती. इंग्रजीतही काही ठिकाणी अक्षरनिष्ठ लय सापडते, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. चांगला शिक्षक फळ्यावर एखादी गोष्ट समजावी म्हणून थोडी अतिशयोक्ती करतो, तितपतच तिचे वजन होते.

तिला नियमाचे रूप दिले ते डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांनी. हे एडिंबरा विद्यापीठातील ध्वनिशास्त्राचे अध्वर्यू आणि लॅसेल्स ॲबरक्रॉम्बी या इंग्रज कवीचे चिरंजीव. वडिलांनी इंग्रजी छंदशास्त्रावर लिहिलेले होते. स्टील, मॉनबोडो आणि गॅरिक या त्रयीवर डेव्हिड यांचा एक वाचनीय निबंधही आहे. म्हणजे छंदशास्त्राची ती जुनी धारा त्यांच्यापर्यंत घरातून आणि ग्रंथांतून, अशी दोन्हीकडून आली होती. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी असे प्रतिपादन केले की, जगातील प्रत्येक ज्ञात भाषा या दोहोंपैकी एका लयीत बोलली जाते. उदाहरणादाखल सहा भाषा दिल्या. फ्रेंच, तेलुगू व योरुबा या अक्षरनिष्ठ. इंग्रजी, रशियन व अरबी या आघातनिष्ठ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कैरोत इंग्रजी शिकवले होते, तेव्हा अरबी त्यांच्या कानावरून गेलेली होती.

यामागे शरीराचा आधार म्हणून त्यांनी अमेरिकन संशोधक स्टेटसन यांची कल्पना घेतली होती. प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक झटका असतो आणि आघातामागे अधिक जोराचा, असे स्टेटसन यांचे मत होते. गंमत अशी की, हे मत १९५८ सालीच डळमळीत झाले होते, आणि तेही एडिंबऱ्यातच. ॲबरक्रॉम्बींचे विद्यार्थी पीटर लॅडफोगेड आणि त्यांचे दोन सहकारी यांनी बरगड्यांमधील स्नायूंच्या विद्युत्‌क्रियेची नोंद घेतली, तेव्हा अक्षर आणि झटका यांची एकास एक जोडी जुळत नाही, असे दिसून आले. तरीही नऊ वर्षांनी निघालेल्या पुस्तकात नियम होता तसाच राहिला. गुरूच्या पाठ्यपुस्तकापर्यंत शिष्याचे संशोधन पोहोचायला वेळ लागतो, हे काही फक्त आपल्याकडचे वैशिष्ट्य नाही.

भारतात ही विचारसरणी रुजली ती मुख्यतः हैदराबादेतून. तेथे १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशची स्थापना झाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परदेशी भाषांची भर पडली आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. देशभरातील इंग्रजीचे अध्यापक तेथे प्रशिक्षणाला जात आणि टिपणे घेऊन परतत. तेथील प्राध्यापक आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी परक्या श्रोत्याला कितपत समजते यावरील अभ्यास संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केला. हॅरिसन यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'स्पोकन इंग्लिश फॉर इंडिया' हे १९७२ चे पुस्तक तर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. बन्सल यांचे काम नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. ऐकणाऱ्याची खरी अडचण त्यांना दिसली ती शब्दातील आघात चुकीच्या अक्षरावर पडण्यात. 'फोटोग्राफ'मध्ये पहिले अक्षर ठळक, 'फोटोग्राफर'मध्ये दुसरे, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसरे. आपण तिन्ही एकाच चालीवर म्हणतो आणि समोरचा गोंधळतो. हे निरीक्षण नेमके आहे आणि शिकवण्याजोगे आहे. पण प्रशिक्षणाच्या टिपणांतून पुढे झिरपले ते सोपे, ढोबळ वाक्य: आपल्या भाषा अक्षरनिष्ठ. तेलुगू देशात बसून तेलुगूचे उदाहरण वाचणाऱ्यांना ते पटायला अडचण पडली नसावी.

१९८२ साली पीटर रोच यांनी ॲबरक्रॉम्बींच्याच सहा भाषा घेऊन मोजणी केली. सिद्धान्त खरा असता तर फ्रेंच, तेलुगू, योरुबा यांतील अक्षरे कालमानाने एकसारखी निघायला हवी होती आणि इंग्रजी, रशियन, अरबी यांतील आघातांमधली अंतरे एकसारखी. दोन्ही अपेक्षा फसल्या. पुढच्याच वर्षी रिबेका डावर यांनी इंग्रजी, थाई, स्पॅनिश, इटालियन आणि ग्रीक यांची तुलना केली. आघातांमधील अंतर इंग्रजीत स्पॅनिशहून अधिक नियमित नाही. सर्वच भाषांत मध्ये अक्षरे वाढली की अंतर वाढते. आपल्या उदाहरणापुरते बोलायचे तर इंग्रजाला सात अक्षरांचे वाक्य म्हणायला तीन अक्षरांच्या वाक्यापेक्षा जास्तच वेळ लागतो.

मग कानाला जो फरक जाणवतो तो खोटा का? नाही. डावर यांचे उत्तर मला सर्वांत समाधानकारक वाटते. त्यांच्या मते घड्याळाच्या ठोक्यांवर कोणतीच भाषा चालत नाही. लयीचा भास तीन साध्या गोष्टींतून होतो. अक्षरात व्यंजनांची किती गर्दी होते, आघात नसलेल्या अक्षरातील स्वर किती विरघळतो आणि आघाताचे भाषेत काय काम आहे. इंग्रजीत 'स्ट्रेंग्थ्स' हे एकच अक्षर आहे आणि 'द' हेही एकच. दोहोंना सारखा वेळ मिळणे शक्यच नाही. म्हणजे भाषांच्या दोन जाती नसून या तीन बाबतींत कमी-अधिक असणाऱ्या भाषांची एक लांब रांग आहे.

त्यानंतरचा इतिहास आकडेमोडीचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये नात्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, फ्रेंच घरातील नवजात बालके शब्द ओळखू न येतील अशा गाळलेल्या ध्वनिमुद्रणातूनही इंग्रजी आणि जपानी वेगळी ओळखतात, इंग्रजी आणि डच मात्र नाही. म्हणजे लयीत काहीतरी खरे आहे. १९९९ साली रामूस आणि सहकाऱ्यांनी स्वर व व्यंजनांच्या लांबीवरून भाषांची वर्गवारी सुचवली; लो, ग्रेब आणि नोलन यांनी २००० साली शेजारच्या स्वरांच्या लांबीतील फरक मोजून सिंगापुरी इंग्रजी ब्रिटिश इंग्रजीपेक्षा अधिक समलय असल्याचे दाखवले. सिद्धान्त मागच्या दाराने परत आला, असे वाटू लागले. परंतु अमालिया आर्वानिती यांनी २०१२ मध्ये सप्रमाण मांडले की, बोलणारा बदलला किंवा वाक्ये बदलली की हे निर्देशांकही बदलतात. कधी कधी दोन भाषांमधील फरकापेक्षा एकाच भाषेतील फरक मोठा निघतो.

आता आपल्या भाषांकडे येऊ. मराठी अक्षरनिष्ठ आहे काय? माधव जूलियन यांचा, म्हणजे बडोद्यात १८९४ साली जन्मलेल्या आणि फारसीचे प्राध्यापक असलेल्या मा. त्रिं. पटवर्धनांचा, 'छंदोरचना' हा ग्रंथ उघडला तर मराठी पद्याचे तीन विभाग दिसतात. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची संख्या ठरलेली, छंदात अक्षरांची संख्या ठरलेली. ओवी आणि अभंग तिसऱ्यात बसतात. एकच भाषा तीन प्रकारे मोजली जाते आणि मराठी कान तिन्ही सहज पेलतो. गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने तर आपले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. त्याची मातृभाषा 'आघातनिष्ठ' असल्याने ओवी अडली नाही.

पद्य सोडून रोजच्या बोलण्याकडे पाहिले तर 'प्रत्येक अक्षर सारखे' हे आपल्याबाबत मुळीच खरे नाही. आपण 'चिमटा' लिहितो आणि 'चिम्टा' म्हणतो, 'कोंबडी' लिहितो आणि 'कोंब्डी' म्हणतो. शब्दाच्या अंती येणारा 'अ' तर मराठीने आणि उर्दूने केव्हाच सोडून दिला आहे. दखनीत 'आदमी'चा 'अदमी' होतो, 'आसमान'चा 'असमान'. हैदराबादचे डॉ. सय्यद मोहिउद्दीन कादरी 'जोर' यांनी लंडन-पॅरिसला ध्वनिशास्त्र शिकून १९३० सालीच 'हिंदुस्तानी फोनेटिक्स' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पाइक यांच्या संज्ञा जन्मायच्या पंधरा वर्षे आधी आपल्याकडे हिंदुस्तानीच्या ध्वनींचा शास्त्रीय विचार सुरू झाला होता. ती वाट पुढे रुंद झाली नाही, याची खंत वाटते.

उर्दूच्या अध्यापकांना यापुढचा मुद्दा अधिक जवळचा वाटेल. अरूजप्रमाणे मिसऱ्याची तक्तीअ करताना आपण विद्यार्थ्यांना अक्षर 'गिरवायला', म्हणजे गाळायला, शिकवतो. कोणती अक्षरे गिरतात? 'का', 'की', 'को', 'से', 'है' यांचे दीर्घ स्वर गरजेप्रमाणे लघु मोजले जातात. 'मेरा'चा 'मिरा' होतो, 'तेरा'चा 'तिरा', 'एक'चा 'इक'. 'और' कधी पूर्ण येतो, कधी नुसता 'अर' उरतो. 'दिल', 'जाम', 'राह' यांच्या गाभ्याला मात्र कोणी हात लावीत नाही. अरबी-फारसी शब्दांच्या अंती येणारा दीर्घ स्वर गाळणे हाही जुन्या उस्तादांनी दोषच मानला. आता इंग्रजीत कोणते शब्द चेपले जातात ते पाहावे: 'ऑफ', 'टू', 'अँड', 'कॅन', 'हॅव', 'हिज'. विभक्तीची, जोडण्याची, सहायक क्रियापदांची आणि सर्वनामांची तीच मंडळी! अर्थ वाहणाऱ्या शब्दाने उभे राहायचे आणि व्याकरणाच्या शब्दाने वाकायचे, हा व्यवहार आमच्या विद्यार्थ्याच्या कानाला अपरिचित नाही. अर्थात अरूज हा पद्याचा संकेत आहे. बोलण्याचे मोजमाप नव्हे. पद्याचा नियम बोलण्यावर लादण्याची स्टीलची चूक येथे पुन्हा करायची नाही. म्हणणे एवढेच की, शिकवायला सुरुवात कोठून करायची याचा एक धागा आपल्या हाताशी आहे.

किती शिकवायचे, हा प्रश्न उरतो. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली असे मांडले की, इंग्रजी ही आता प्रामुख्याने दोन परभाषकांमधील संपर्कभाषा आहे आणि त्या व्यवहारात आघातनिष्ठ लय व चेपलेले शब्द यांची आवश्यकता नाही. वाक्यातील मुख्य आघात मात्र योग्य शब्दावर हवा. लॉरा हान यांच्या २००४ च्या प्रयोगाने या शेवटच्या भागाला बळकटी मिळाली. एका कोरियन वक्त्याचे एकच व्याख्यान तीन प्रकारे ऐकवले: मुख्य आघात योग्य जागी, चुकीच्या जागी आणि अजिबात नसलेला. योग्य आघाताचे व्याख्यान ऐकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यातील मजकूर अधिक आठवला.

जेन्किन्स यांचे म्हणणे बोलण्यापुरते मला मान्य आहे, ऐकण्यापुरते नाही. आपला विद्यार्थी 'आय कॅन गो' यातला 'कॅन' पूर्ण आणि ठळक म्हणतो. अमेरिकन श्रोत्याला ते 'कान्ट'सारखे ऐकू जाण्याचा धोका असतो. कारण त्याच्या बोलीत होकारार्थी 'कॅन' चेपून 'क्न' होतो आणि नकारार्थी तेवढा ठळक राहतो. उलट तो अमेरिकन 'क्न' म्हणतो तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला तेथे शब्द असल्याचेच कळत नाही. होकार आणि नकार यांची अदलाबदल ही लकबीची बाब नव्हे. मुलाखतीत किंवा टेलिफोनवर तिची किंमत मोजावी लागते. तेव्हा चेपलेले शब्द म्हणता आले नाहीत तरी चालेल, ओळखता आले पाहिजेत.

यासाठी तिसऱ्या तासाला प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या वर्गात बी.ए.ची उर्दूची मुले तक्तीअच्या वहीतच इंग्रजी वाक्य लिहितात, ध्वनिमुद्रण दोनदा ऐकतात आणि गिरलेल्या शब्दांखाली लघूचे चिन्ह करतात. मराठीची मुले त्यासाठी 'ल' आणि 'गा' वापरतात. पहिल्या आठवड्यात 'हिज' आणि 'हर' सुटतात, 'अँड' बहुतेकांना सापडतो. मग मी तीच वाक्ये शब्दातील आघातासाठी पुन्हा देतो, आणि तेथे 'फोटोग्राफर' अजूनही अडतो.